‘घेऊया एक छोटासा ब्रेक’ म्हणजे त्याला पुरे झालंय

ताई,

माझं माहेर सावंतवाडीचं, सासर गोव्यातल्या डिचोली तालुक्यातलं. मुलगा सव्वाचार वर्षांचा, घरात आम्ही त्याला बाबू म्हणतो. धाकटी आठ महिन्यांची. गेल्या महिन्यात बांबोळीला डॉक्टरांनी बाबूला ऑटिझम असल्याचं सांगितलं. त्याला पंचवीसेक शब्द येतात, पण ते आमच्याशी बोलायला वापरत नाही. काही हवं असलं की माझा हात धरून ओढत नेतो. टीव्हीवरची वाक्यं मात्र जशीच्या तशी म्हणतो. जेवायला बसवलं, चार घास झाले, की ‘घेऊया एक छोटासा ब्रेक’ सुरू. त्याला काही अर्थच नसतो. पेज, तळलेला बांगडा आणि पाव, यापलीकडे काही खात नाही. सकाळी दारोदार पाव विकणाऱ्या पोदेरचा हॉर्न ऐकला की असेल तिथून फाटकाकडे धावतो, तेवढा एक आनंद.

सासूबाई म्हणतात, ‘भुरग्याक दिश्ट लागल्या’ (पोराला दृष्ट लागलीय), आणि वर मोबाइल तूच दिलास म्हणतात. नवरा कुंडईला कारखान्यात पाळीवर जातो. तो म्हणतो, मीही उशिराच बोललो, कशाला पोरावर शिक्का मारून घ्यायचा. एका केंद्रात सांगितलं, घरात मराठी-कोकणी बंद करा, फक्त इंग्रजी बोला. माझं इंग्रजी बेताचं. जाऊ म्हणते, धाकटीला गोवराची लस देऊ नको, त्यानेच हे होतं. एका नातेवाइकाने मुंबईत स्टेम सेलचा (मूळ पेशींचा) उपचार सुचवलाय, काही लाख लागतील. आणि आता गणपतीची चवथ आली. गेल्या वर्षी मूळ घरी आरतीच्या वेळी बाबू किंचाळत जमिनीवर लोळला. सगळ्यांसमोर मला ऐकून घ्यावं लागलं. यंदा जाऊ की नको? मला रात्री झोप लागत नाही.

— एक आई

प्रिय ताई,

तुमच्या पत्रात ज्या वाक्याला काही अर्थ नाही असं तुम्ही लिहिलंय, तिथूनच सुरुवात करते. चार घास पोटात गेल्यावर तुमचा मुलगा ‘घेऊया एक छोटासा ब्रेक’ म्हणतो. बातम्या सांगणारी बाई हे वाक्य म्हणते आणि चाललेलं थांबतं, हे त्याने शेकडो वेळा पाहिलंय. मला वाटतं, तो तुम्हाला सांगतोय की आता पुरे. ऑटिझम असलेली बरीच मुलं भाषा सुट्या शब्दांनी उचलत नाहीत. ऐकलेलं अख्खं वाक्य ती त्या प्रसंगासकट साठवतात आणि तसाच प्रसंग आला की बाहेर काढतात. बाहेरच्याला ती पोपटपंची वाटते. घरातल्या माणसाने नीट पाहिलं तर अर्थ लागतो.

माझा अंदाज चुकूही शकतो, म्हणून तुम्हीच तपासा. एक वही करा. तो टीव्हीचं वाक्य कधी म्हणाला, त्याआधी काय चाललं होतं, नंतर त्याने काय केलं, एवढंच लिहायचं. पंधरा दिवसांत तुमच्या हातात बाबूचा छोटा शब्दकोश असेल. तो ‘ब्रेक’ म्हणाला की ताट बाजूला करा आणि त्याच्या वतीने साधं वाक्य म्हणा, ‘पुरे. बाबूला पुरे.’ आणखी दोन घास कोंबू नका. बोललं की ऐकलं जातं, हे त्याला पहिल्यांदा कळेल, आणि बोलण्याची गरज माणसाला तिथूनच लागते. वहीची प्रत बालवाडीच्या बाईंनाही द्या.

तो तुमचा हात धरून कपाटाकडे नेतो, तेही बोलणंच. ‘आधी तोंडाने सांग, मग देते’ असं अनेक आया करतात, कारण कोणीतरी तसं शिकवलेलं असतं. मला ते पटत नाही. तहानलेल्या मुलाला पाणी दाखवून अडवलं तर त्याला पाण्याचा शब्द येत नाही, फक्त राग येतो. तुम्ही त्याच्याबरोबर जा. घागरीपाशी थांबा. मनात पाच अंक मोजा. त्याने बघितलं, हात पुढे केला, आवाज काढला, काहीही केलं, की ‘पाणी’ म्हणा आणि द्या. काहीच केलं नाही, तरी ‘पाणी’ म्हणा आणि द्या.

आता पोदेर. ताई, रोज सकाळी तुमच्या फाटकाशी येणारा तो हॉर्न म्हणजे घरबसल्या मिळालेला उपचाराचा वेळ आहे. मुलाला मनापासून हवी असलेली गोष्ट, ठरलेली वेळ, ठरलेला माणूस. याहून चांगली जागा एखादं केंद्रही तयार करू शकणार नाही. हॉर्न ऐकू आला की त्याच्या उंचीला खाली बसा आणि एकदाच म्हणा, ‘पोदेर!’ पिशवी त्याच्या हातात द्या. पोदेरला आधी सांगून ठेवा की पाव लगेच पिशवीत टाकू नको, बाबूसमोर धर आणि क्षणभर थांब. त्या क्षणात तुम्हीही गप्प राहायचं. ‘काय म्हणायचं? सांग काकांना! पाव म्हण, पाव!’ असा मारा करायचा नाही. आपण मोठी माणसं शांतता सहन न होऊन बोलत सुटतो, आणि ज्याला शब्द जुळवायला वेळ लागतो त्याची पाळी येतच नाही. त्याने पावाकडे नि मग पोदेरकडे बघितलं, तर त्या दिवसाचं काम झालं. ‘पाव’ म्हणा, पाव त्याच्या हातात जाऊ द्या. रंग कोणता, किती पाव, असल्या परीक्षा घेऊ नका. डोळ्यांत बघायची सक्तीही नको. कित्येक ऑटिस्टिक माणसांनी मोठेपणी सांगितलंय की नजर रोखायला लावलं की ऐकण्याकडे लक्ष राहत नाही. तो आनंदाने हात फडफडवत असेल तर ते हात धरू नका.

हे सगळं मी हवेतून सांगत नाही. पर्वरीच्या ‘संगाथ’ संस्थेने गोव्यात आणि पाकिस्तानातल्या रावळपिंडीत मिळून या पद्धतीची रीतसर चाचणी केली, तिचे निष्कर्ष 2016 साली ‘लॅन्सेट सायकिअ‍ॅट्री’त प्रसिद्ध झाले. 2 ते 9 वर्षांची 65 मुलं होती. घरी जाणारे डॉक्टर किंवा थेरपिस्ट नव्हते, प्रशिक्षण दिलेले साधे आरोग्यसेवक होते. पालक मुलाशी खेळताना त्यांचा व्हिडिओ घ्यायचा, मग दोघांनी बसून तो पाहायचा आणि शोधायचं, पालकाने काय केलं तेव्हा मुलाने प्रतिसाद दिला. पालक मुलाच्या कलाने वागायला शिकले आणि मुलं आपणहून संवाद सुरू करायला लागली. ऑटिझम गेला असा दावा कोणी केला नाही, करूही नये. पण गोव्यातल्या घरांत, गोव्यातल्या आईबापांकडून हे झालेलं आहे. तुमच्या नवऱ्याकडे फोन असेलच. पाळी नसेल त्या सकाळी त्याने फाटकातला तो प्रसंग चित्रित करावा आणि रात्री दोघांनी मिळून बघावा. आपण काय चुकलो ते शोधायचं नाही. बाबूने मान कुठे वळवली, त्याआधी तुम्ही काय केलं होतं, ते बघायचं.

नवऱ्याला पटवण्याच्या मागे लागू नका, हेही इथेच सांगते. ‘मीही उशिरा बोललो’ म्हणणारा बाप बहुतेक वेळा घाबरलेला असतो. कदाचित त्याला मुलात स्वतःचं बालपण दिसत असेल, आणि ते दिसणं अगदी खरंही असू शकतं, कारण ऑटिझममध्ये आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो. त्याला वादात ओढण्यापेक्षा कामात घ्या. रोज पंधरा मिनिटं बाबूबरोबर जमिनीवर बसायचं, त्याने करवंट्या रांगेत लावल्या तर आपणही शेजारी एक करवंटी लावायची, रांग मोडायची नाही. एवढं तो आनंदाने करेल.

भाषेबद्दल मात्र मला रागाने लिहावंसं वाटतंय. घरातली भाषा बंद करा, हा सल्ला गोव्यात अनेक घरांना मिळतो. पण दोन भाषा ऐकत वाढणाऱ्या ऑटिस्टिक मुलांचा आणि एकच भाषा ऐकणाऱ्यांचा तुलनात्मक अभ्यास झालेला आहे, आणि दोन भाषांमुळे बोलणं आणखी लांबतं असं त्यात दिसलेलं नाही. उलट विचार करा. तुम्ही बेताच्या इंग्रजीत बोलायचं ठरवलं तर दिवसभरात किती बोलाल? गाणं म्हणाल? लाडाने हाक माराल? आजी तर पूर्ण मुकी होईल. तुम्ही तुमच्या मराठीतच बोला, नवऱ्याने आणि आजीने कोकणीतच. शाळेचं इंग्रजी शाळेत येईल. वाक्यं छोटी ठेवा आणि रोजच्या त्याच प्रसंगाला रोज तोच शब्द वापरा, एवढी काळजी पुरे.

तुमच्यामुळे हे झालं का, हा प्रश्न तुम्ही थेट विचारलेला नाही, पण पत्रभर तोच आहे. तर नाही. 1943 साली अमेरिकेत लिओ कॅनर यांनी अकरा मुलांचं वर्णन करून ऑटिझम वैद्यकाच्या नजरेस आणला, आणि पुढची वीसेक वर्षं तिथल्या मोठमोठ्या तज्ज्ञांनी आयांच्या थंडपणावर त्याचं खापर फोडलं. 1964 साली एका मानसशास्त्रज्ञाने, जो स्वतः अशाच एका मुलाचा बाप होता, हे खोडून काढलं आणि कारण मेंदूच्या जडणघडणीत आहे हे मांडलं. आज त्यावर वाद उरलेला नाही. मोबाइलने ऑटिझम होत नाही. मोबाइल कमी करा, कारण तो हातात असताना बाबू तुमच्याशी काही करत नाही, कारण एवढंच. सासूबाईंना हे कोणी बाहेरच्याने, डॉक्टरांनी सांगितलेलं बरं. पुढच्या भेटीला त्यांना बरोबर न्या.

त्यांना देवळात कौल लावायचा असेल तर लावू द्या. त्यांच्या मनाला आधार मिळतो, आणि नातवावरच्या मायेपोटीच हे चाललंय. पण घाड्याने (मांत्रिकाने) सांगितलेलं कुठलंही पाळं-मूळ पोटात जाणार नाही, धुरी दिली जाणार नाही आणि कौलासाठी इस्पितळाची तारीख चुकणार नाही, या तीन गोष्टींवर ठाम राहा. आणि त्यांच्याकडून एक मोठं काम करून घ्या. त्यांना ओव्या, फुगडीची गाणी येत असणारच. रोज झोपवताना तीच एक ओवी म्हणायला सांगा. आठ-दहा दिवसांनी, ओळीचा शेवटचा शब्द त्यांनी गिळायचा आणि थांबायचं. पुष्कळ मुलं ती रिकामी जागा भरतात. बाबूने भरली, तर त्या घरातलं वातावरण एका रात्रीत बदलेल, माझ्या सांगण्याने बदलणार नाही इतकं.

आता चवथ. जा, पण गेल्या वर्षीसारखं नको.

गेल्या वर्षी जे झालं तो हट्ट नव्हता. हट्ट करणारं मूल मधून मधून बघतं, कोण बघतंय का. बाबूला त्या क्षणी कोणी दिसतच नव्हतं. बंद खोलीत घुमटं, कासाळी, टाळ्या, अंगाला अंग लागणारी माणसं, धूप, बाहेर फटाके, नवं घर, रोजची पेज नाही, रोजची झोप नाही. बऱ्याच ऑटिस्टिक मुलांना आवाज आपल्याला लागतो त्याहून कितीतरी तीव्र लागतो. अशा वेळी ओरडून, मारून, समजावून काही होत नाही. तिथून बाहेर काढायचं, कमी बोलायचं, आणि ओसरेपर्यंत जवळ बसायचं.

यंदा मूळ घरी एक दिवस आधी जा, माणसं जमायच्या आत. गणपतीवर फळं-भाज्या टांगायची माटोळी बांधत असतील तर त्याला खालून बघू द्या, एखादं फळ हातात देऊ द्या. एक शांत खोली मागून घ्या आणि तिथे त्याची चादर, त्याचं ताट, त्याच्या करवंट्या ठेवा. पेजेचे तांदूळ घरून न्या. सणाच्या पंगतीत त्याने खतखतं खावं ही अपेक्षा यंदा सोडून द्या. गेल्या वर्षीचे फोटो असतील तर चार निवडून ओळीने चिकटवा: गाडी, घर, गणपती, परत आपलं घर. रोज रात्री दाखवा. पुढे काय होणार आणि ते कधी संपणार, हे कळलं की भीती निम्मी होते. हार्डवेअरच्या दुकानात कामगारांचे कान झाकणारे मफ मिळतात, ते आत्तापासून घरी थोडा थोडा वेळ घालायची सवय लावा. आरतीला त्याने खोलीत असायची गरज नाही. अंगणातून दोन मिनिटं ऐकलं, पुरे. आणि तो ‘घेऊया एक छोटासा ब्रेक’ म्हणाला, तर त्याच क्षणी उठून बाहेर. कोण उठणार ते नवरा-बायकोने आधीच ठरवा, यंदा पाळी नवऱ्याची. गणपती तिथे दीड दिवसाहून जास्त असला, तरी तुम्ही दीड दिवसात परत या.

नातेवाइकांना एकच वाक्य सांगायचं, तेही नवऱ्याने: ‘त्याला आवाजाचा त्रास होतो, डॉक्टरांनी सांगितलंय, आम्ही बघतो.’ त्यापुढे खुलासे देत बसू नका.

स्टेम सेलवर एक पैसाही घालवू नका. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या 2017च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, ठरावीक आजारांत रक्त तयार करणाऱ्या मूळ पेशींचं प्रत्यारोपण सोडलं तर बाकी सगळं संशोधनाच्या चौकटीतच करायचं असतं, आणि संशोधनात भाग घेणाऱ्याकडून पैसे घ्यायचे नसतात. जो लाखांचा आकडा सांगतो त्याने उत्तर तिथेच देऊन टाकलंय. ते पैसे वाणी आणि ऑक्युपेशनल (रोजची कामं शिकवणाऱ्या) थेरपीला लागतील. पर्वरीलाच ‘सेतू’ हे बालविकास केंद्र आहे, बांबोळीला गोमेकॉ (गोवा वैद्यकीय महाविद्यालय) आणि मनोविकारांचं सरकारी इस्पितळ, आयपीएचबी, आहे. बाबूची श्रवणचाचणी झाली नसेल तर आधी ती करून घ्या. इतकं मोजकं खाणाऱ्या मुलाचं रक्तातलं लोहही तपासायला सांगा. आणि तो अचानक शून्यात बघत गोठत असेल, किंवा येणारे शब्द जायला लागले, तर वाट न बघता डॉक्टरांकडे जा.

‘शिक्का’ म्हणजे दिव्यांग प्रमाणपत्र. तुमच्या नवऱ्याला मी एवढंच विचारेन, की शेजाऱ्यांनी बाबूला आजही काही नाव दिलेलंच आहे ना? ते नाव बाबूच्या काही उपयोगाचं नाही, या कागदाचा उपयोग आहे. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 प्रकारांमध्ये ऑटिझम आहे. सरकारी किंवा मान्यताप्राप्त शाळेला या कारणाने प्रवेश नाकारता येत नाही, आणि 40 टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्या मुलाला 6 ते 18 वर्षं वयात मोफत शिक्षणाचा हक्क आहे, जवळच्या शाळेत किंवा तुम्ही निवडाल त्या विशेष शाळेत. राष्ट्रीय न्यासाच्या ‘निरामय’ योजनेत वर्षाला एक लाख रुपयांपर्यंत आरोग्यविमा मिळतो, थेरपीचा खर्चही त्यात बसतो. राज्याच्या दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेतही दिव्यांगांचा समावेश आहे. यूडीआयडी कार्डाचा, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्राचा, अर्ज स्वावलंबन पोर्टलवर करायचा, तपासणी सरकारी वैद्यकीय मंडळाकडून होते. कार्ड कोणाला दाखवायचं ते तुमच्या हातात राहतं.

धाकटीची लस. 1998 साली ‘लॅन्सेट’मध्ये बारा मुलांवरचा एक लेख आला, त्यातून ही भीती जगभर पसरली. तो लेख 2010 साली नियतकालिकाने मागे घेतला आणि लिहिणाऱ्या डॉक्टरचं नाव ब्रिटनच्या वैद्यकीय नोंदवहीतून काढलं गेलं. त्यानंतर लाखो मुलांवर झालेल्या अभ्यासांत लशीचा नि ऑटिझमचा काही संबंध आढळला नाही. गोवर मात्र खरा आहे, तो मेंदूपर्यंत जाऊ शकतो. नऊ महिने पूर्ण झाले की गोवर-रुबेलाची लस देऊन टाका.

तिच्याबाबतीत एक गोष्ट मला लपवायची नाही. थोरल्याला ऑटिझम असला तर धाकट्या भावंडात तो असण्याचं प्रमाण साधारण पाचांत एक असतं. म्हणजे पाचांतल्या चौघांत नसतो. घाबरून तिच्याकडे टक लावून बसू नका, पण नावाने हाक मारल्यावर वळते का, बोट दाखवून काही दाखवते का, हे वर्षाच्या पुढे बघत राहा, आणि दीड वर्षाची झाली की डॉक्टरांना मुद्दाम तपासणी करायला सांगा. बाबूचं तुम्हाला चार वर्षांनी कळलं, तिचं काही असलंच तर खूप आधी कळेल.

झोपेबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिलीत, तीही शेवटी. ती मी पहिल्या ओळीइतकीच महत्त्वाची धरते. दोन लहान मुलं, त्यातला एक रात्री उठत असणार, आणि दिवसभर ऐकून घेणं. आठवड्यातून एक सकाळ तुमची असली पाहिजे, नवऱ्याच्या सुट्टीच्या दिवशी, दोन तास, मुलांशिवाय. सावंतवाडी काही लांब नाही, आईला आठ दिवस बोलावून घ्या. दोन-तीन आठवड्यांत झोप सुधारली नाही, रडू थांबेना, जीव नकोसा वाटला, तर ते सहन करण्याचं कारण नाही, बाळंतपणानंतरच्या वर्षभरात असं होतं आणि त्यावर उपचार असतात. बाबूला दाखवायला जाल त्याच दिवशी स्वतःसाठीही एक केसपेपर काढा. रात्री अपरात्री बोलावंसं वाटलं तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक चोवीस तास चालतो, पैसे लागत नाहीत, आणि मराठीत बोलता येतं.